बांधकामाचे मूल्य : शून्य

घर तारण ठेवून कर्ज मागायला माणूस आला, की बँक आधी मूल्यांकन अहवाल मागवते. या अहवालात जागेची किंमत वेगळी लिहितात आणि बांधकामाची वेगळी. जागेची किंमत वर्षागणिक वाढत जाते, बांधकामाची घटत जाते. दरसाल ठरावीक टक्के घसारा वजा करीत गेले, की साठ-सत्तर वर्षांत बांधकाम शून्यावर येते. मग ते पत्र्याचे गोदाम असो, की कोरीव खांबांचा चौसोपी वाडा. शून्याखाली आणखी एक ओळ असते, मोडीची किंमत. म्हणजे इमारत पाडली तर लाकूड, लोखंड, दगड विकून काय हाती येईल तो आकडा.

१९९२ साली मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. तिथल्या एका जुन्या घराण्यातले गृहस्थ वाडा तारण ठेवायला आले होते. मी स्वतः पाहणीला गेलो. दिंडी दरवाजातून आत गेल्यावर चौक, चौकाभोवती सोपे, सागवानी खांब, तुळयांच्या टोकांना कोरलेली कमळे. वर माळवद. दुपारी दोन वाजता मे महिन्यात त्या सोप्यात पंखा नसताना मी चहा प्यालो आणि घाम आला नाही, हे मला अजून आठवते. आठवड्याने मूल्यांकन करणाऱ्याचा अहवाल आला. बांधकामाचे मूल्य : शून्य. मोडीची किंमत : सागवानाची म्हणून काही हजार रुपये. मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "सायेब, आमचा आजा सांगायचा, एकेका खणाला एकेक बैलजोडी गेली म्हणून. तुमी तर फुकटच धरलंय." मी त्यांना घसाऱ्याचा नियम समजावून सांगितला आणि अहवालावर सही केली. कर्ज जागेच्या किमतीवर मंजूर झाले. नियमाला धरूनच झाले.

ही तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट आज आठवायला एक निमित्त घडले. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी असे महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. महाराष्ट्रात फटाके वाजले, ते रास्तच होते. पण त्या आठवड्यात मला नांदेड-लातूरकडच्या मित्रांचे जे फोन आले, त्या बहुतेकांचा सूर एकच होता. बारांत मराठवाड्याचा एक तरी आहे का? आपल्यावर नेहमीप्रमाणे अन्याय झाला!

मला हे पटले नाही. मराठवाड्याला जागतिक वारसा नवा नाही. अजिंठा आणि वेरूळ यांची नोंद १९८३ सालीच झाली आहे. शिवाय ही यादी मराठ्यांच्या लष्करी रचनेची आहे. डोंगर, जंगल आणि समुद्र यांचा शिवछत्रपतींनी आणि त्यांच्या वारसांनी कसा उपयोग केला, हे त्या प्रस्तावाचे सूत्र. आपले कंधार, औसा, उदगीर हे भुईकोट वेगळ्या राजवटींनी, वेगळ्या गरजेतून बांधलेले. ते त्या यादीत बसतच नाहीत. तेव्हा तक्रार करायचीच तर पॅरिसकडे कशाला करायची? तक्रार करणाऱ्या माझ्या मित्रांपैकी एकाला मी विचारले, औशाचा किल्ला शेवटचा कधी पाहिलास? तो लातूरला राहतो. औसा तिथून वीसेक किलोमीटर. तो म्हणाला, शाळेत असताना.

हीच खरी अडचण आहे. पुण्या-मुंबईचा मुलगा शनिवार-रविवार गड चढतो. गडाशी त्याचे नाते गोष्टींतून, पोवाड्यातून, चौथीच्या पुस्तकातून आधीच जुळलेले असते. भुईकोटांशी असे नाते जोडणारी गोष्ट आम्ही आमच्या मुलांना सांगितलीच नाही. बहमनी, निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम अशी धन्यांची मालिका. दरवाजांवर फारसी-अरबी शिलालेख. आणि १७ सप्टेंबर १९४८पर्यंत भोगलेल्या निजामी राजवटीची घरोघरची कडू आठवण. किल्ला ‘त्यांचा’ होता, ही भावना आमच्या वडिलांच्या पिढीत होती आणि ती समजण्यासारखी होती. पण ‘त्यांचा’ म्हणून सोडून दिलेला किल्ला पुढे कोणाचाच राहिला नाही.

औसा पाहण्यासारखा आहे तो त्याच्या लबाडीसाठी. गड म्हटले की आपण मान वर करून पाहतो. औशाचा किल्ला खोलगट जागेत बसवला आहे. भोवतालची जमीन उंच, त्यामुळे दुरून येणाऱ्या फौजेला किल्ल्याचा मोठा भाग दिसतच नाही. उलट किल्ल्यातल्या उंच जागेवर उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याला चहूकडचा मुलूख लांबवर दिसतो. आकार जवळजवळ चौरस, भोवती सुमारे १२० फूट रुंद खंदक, आता बराचसा कोरडा. आत दुहेरी तट. आत शिरताना वाट सरळ जात नाही, ती वळसे घेते. दरवाजा फोडायला आणलेल्या हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये आणि वळणावर थबकलेल्या शत्रूवर दोन्ही तटांवरून मारा करता यावा, हा त्यामागचा हिशेब. डोंगराची मदत नसताना, सपाट काळ्या जमिनीवर, केवळ दगड, चुना, पाणी आणि डोके यांच्या जोरावर संरक्षण कसे उभे करायचे याचा हा धडा आहे. सह्याद्रीने जे काम फुकट करून दिले, ते इथे माणसाने हाताने केले.

मलिक अंबरच्या ताब्यात हा किल्ला काही काळ होता. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या आणि १६२६ साली मरेपर्यंत मोगलांना झुंजवत ठेवणाऱ्या या माणसाच्या लढाईच्या तऱ्हेत मालोजी आणि शहाजी भोसल्यांचे घराणे वावरले. गनिमी काव्याचा इतिहास सह्याद्रीत सुरू होतो असे आपण समजतो. त्याची आधीची काही पाने या पठारावर आहेत. १६३६ साली शहाजहानच्या फौजांनी औसा आणि उदगीर घेतले. त्याच वर्षी निजामशाही संपली आणि शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. पुढचा इतिहास आपल्या मुलांना पाठ असतो.

उदगीरचेही तसेच. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला या मुलखात कोंडून हरवले. उदगीरहून औशाच्या वाटेवर ही झुंज चालली होती. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना मराठ्यांच्या बाजूने होता. तहात साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, बुऱ्हाणपूर, अहमदनगर, विजापूर अशी ठाणी मिळाली. विजयाची धुंदी उतरायच्या आत दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडल्याची बातमी दक्षिणेत आली आणि मार्चमध्ये भाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले. अकरा महिन्यांत पानिपत झाले. उदगीरच्या विजयाने भाऊंच्या नावाचा दबदबा झाला नसता, तर त्यांनाच उत्तरेला पाठवले असते का, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांना आवडतो. कादंबरीकाराला तर आवडतोच. उदगीरच्या किल्ल्याचा सुमारे ४० फूट खोल खंदक, आतले महाल आणि जमिनीच्या पातळीच्या बऱ्याच खाली असलेली उदागीर महाराजांची समाधी पाहताना मी दरवेळी हाच विचार करतो. किल्ला सुलतानांचा, समाधी हिंदू साधूची, गावाचे नाव त्या साधूवरून. आणि गाव आपल्या वागण्यात हा गोंधळ शतकानुशतके निमूटपणे सांभाळत आले आहे. २०२२ साली ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले, तेव्हा बाहेरगावचे किती तरी लेखक हा किल्ला प्रथमच पाहत होते.

आता एका अवघड गोष्टीकडे येतो. ती टाळून या भागातल्या जुन्या बांधकामांविषयी प्रामाणिकपणे बोलता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झालेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाचा धक्का तसा मध्यम होता. तेवढ्या धक्क्यात अन्य देशांत इतकी माणसे मरत नाहीत. माणसे मारली ती घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि त्यांच्यावर माळवदाच्या मातीचा कित्येक टनांचा भार. झोपलेल्या कुटुंबावर सगळे एकदम आले. नंतरच्या महिन्यांत मी कर्जखाती तपासण्यासाठी त्या गावांतून फिरलो. खातेदारांच्या नावांपुढे ‘मयत’ लिहिता लिहिता पेन खाली ठेवावे लागत होते. याहून जास्त इथे लिहीत नाही.

त्या पहाटेनंतर आमच्या माणसाने दगडावरचा विश्वास गमावला. भूकंपाची झळ न लागलेल्या गावांतही लोक अंगणात पत्र्याच्या खोलीत झोपू लागले. बावन्न गावे नव्या जागी वसली. आणि जिथे काहीच पडले नव्हते, तिथे वाडे उतरवायला सुरुवात झाली. वाडा विकणाऱ्याला कोणी हसत नव्हते. ‘हे म्हातारं घर एक दिवस लेकरांवर पडंल’, हे वाक्य मी निदान पन्नास घरांत ऐकले. लाकडाचे व्यापारी ट्रक घेऊन येत. माझ्या सहीच्या त्या वाड्याचे खांब १९९५ साली गेले. मोडीची किंमत आमच्या अहवालात लिहिली होती त्याच्या दुपटीहून अधिक आली, असे मालक मला भेटून सांगून गेले. त्यात खोच होती की समाधान, ते मला ओळखता आले नाही.

गावोगावच्या गढ्यांचा शेवट आधीच चालू होता. गढी पांढऱ्या मातीची. ही माती पाणी आत शिरू देत नाही, म्हणून माळवदावर दरवर्षी तिचा थर द्यायचा. पाटलांची सत्ता गेली, गढी ओस पडली आणि लोक टोपल्या घेऊन गढीची माती नेऊ लागले. म्हणजे गढी गावाच्या छपरावर चढली. माळवदे गेली तेव्हा तीही गेली.

पण भूकंपानंतर अभियंत्यांनी जी पाहणी केली, तिचा निष्कर्ष घरोघर पोचलाच नाही. दोष दगडाचा नव्हता. ओबडधोबड, गोलसर दगड मातीच्या गाऱ्यात रचलेले. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग वेगवेगळे, मध्ये कपऱ्या भरलेल्या. दोन्ही अंगांना जोडणारा आरपार लांब दगड कुठेच नाही. हादरा बसताच भिंत उभी फाटली, एक अंग आत आणि एक बाहेर. जुन्या किल्ल्याचा वा देवळाचा घडीव दगड, त्याची सांधेजोड, चुन्याच्या घाणीत दिवसेंदिवस मळलेला चुना, हा वेगळा प्रकार आहे. तोही कुठे कुठे ढासळतो, त्यालाही निगा लागते. परंतु ज्या हिशेबाने आम्ही माळवदाचे घर मोडीत काढले, त्याच हिशेबाने सगळा जुना दगड मोडीत काढला. घसाऱ्याच्या नियमासारखेच झाले ते.

लातूर शहरात मात्र एक इमारत अशी आहे, की तिला कोणी कधी शून्य लावले नाही. गंजगोलाई. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला आणि १९१७ साली ती दुमजली गोल इमारत उभी राहिली. मध्यभागी अंबाबाईचे देऊळ आणि भोवतालून सोळा रस्ते चाकाच्या आऱ्यांसारखे फुटलेले. एका रस्त्यावर सराफ, दुसऱ्यावर कापड, तिसऱ्यावर चपला, पुढे मिरची, गूळ. निजामाच्या राज्यातल्या मुसलमान नगररचनाकाराने देवीला मध्यभागी ठेवून बाजार आखला आणि त्या बाजाराने मारवाडी, लिंगायत, मराठा, मुसलमान, सगळ्यांना शंभर वर्षे पोसले. गोलाईतल्या गाळेवाल्याला कर्ज देताना आम्ही इमारतीचे वय विचारत नव्हतो. त्या गाळ्याची पागडी ऐकूनच आम्ही गार होत असू. गोलाई टिकली ती तिथे रोज सकाळी शटर उघडते म्हणून. तिच्यावर फलकांचे ओझे आहे, वायरींचे जंजाळ आहे, गाड्या लावायला जागा नाही, हे सगळे खरे. तरी सकाळी आठच्या सुमारास, बाजार उघडायच्या आधी, तिथे एक फेरी मारून पाहा. मूळ वर्तुळ डोळ्यांत भरते.

नांदेडला हीच गोष्ट वेगळ्या मापात दिसते. १७०८ साली गुरु गोविंदसिंग यांनी गोदावरीकाठी देह ठेवला आणि त्याआधी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. गोदाकाठच्या मठातला माधोदास बैरागी त्यांच्या भेटीने बंदा सिंग बहादूर झाला, तोही इथेच. महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड साहिबची वास्तू बांधवली. २००८ साली गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, त्याआधी केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहरावर मोठा खर्च झाला; रस्ते रुंद झाले, पूल आले, विमानतळ सुधारला. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरहून येणारा भाविक मत्था टेकतो, लंगरमध्ये जेवतो आणि परततो. रेल्वे स्टेशनपासून चार किलोमीटरवर तीन बाजूंनी गोदावरीने वेढलेला नंदगिरी किल्ला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. खुद्द नांदेडकरालाही हा किल्ला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे तो शहराच्या पाणीपुरवठ्याची जागा म्हणून. मी यात किल्ल्याचा अपमान मानत नाही. पाणी देणारा किल्ला हा निदान कामातला किल्ला आहे. बुरुजावर उभे राहून नदीचे वळण पाहायला मात्र कोणी जात नाही, याचे वाईट वाटते.

आणि कंधार. या दोन जिल्ह्यांतले एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर मी कंधार सांगेन. नांदेडहून पन्नासेक किलोमीटर, मन्याड नदीच्या खोऱ्यात. आपण महाराष्ट्रातले लोक राष्ट्रकूट म्हटले की वेरूळच्या कैलासापाशी थांबतो. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. अभ्यासक हे लट्टलूर म्हणजे लातूर असे मानतात. तिसऱ्या कृष्णाच्या, म्हणजे दहाव्या शतकाच्या मध्याच्या काळात कंधार हे मोठे नगर होते. त्या काळच्या शिलालेखात तिथल्या देवळांची, धर्मस्थळांची, बागांची नावनिशी आलेली आहे. गावाजवळचा जगत्तुंग समुद्र हा तलाव त्याच घराण्याच्या नावाने ओळखला जातो. समुद्र हे नाव ऐकून हसू नये. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला तेवढे पाणी समुद्रच.

कंधारच्या एका प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे तुकडे मिळाले आहेत. पाऊल, बोटे, असे अवयव. त्यावरून मूर्ती पन्नास फुटांहून उंच असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या दगडी पावलापाशी मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझ्याबरोबर आमच्या शाखेचा शिपाई होता. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सायेब, ह्याच्या पायात चप्पल घालायची म्हटलं, तर एक म्हस लागंल." मूर्तीच्या आकाराचे इतके नेमके वर्णन मी पुढे कुठल्याही ग्रंथात वाचले नाही. किल्ला मात्र राष्ट्रकूटांच्या नावावर सांगितला जात असला तरी आज दिसणारा बराचसा भाग नंतरच्या सुलतानी काळातला आहे. चोवीसेक एकरांचा पसारा, भोवती पाण्याचा खंदक. गावात हाजी सय्याह यांचा दर्गा. हजार वर्षांचे थर एकावर एक, आणि ते पाहायला आलेली माणसे रविवारी दुपारी बोटांवर मोजता येतील इतकी.

याचा दोष सरकारवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. २०२५च्या जानेवारीत राज्य सरकारने गडकिल्ल्यांवरची अतिक्रमणे हटवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या, मेअखेरची मुदत दिली. चांगलेच झाले. पण डोंगरी किल्ला आणि भुईकोट यांत एक फरक आहे. भुईकोट गावाच्या कुशीत असतो. त्याच्या तटाला टेकून माणसे तीन-तीन पिढ्या राहिलेली असतात. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. कायदा स्मारकाच्या दृष्टीने योग्य आहे. मात्र ज्याचे घर त्या शंभर मीटरांत आहे, त्याला मुलाच्या लग्नाआधी एक खोली काढता येत नाही आणि बँक त्या घरावर कर्ज देत नाही. मी स्वतः असे अर्ज परत पाठवले आहेत. त्या माणसाला किल्ला प्रिय कसा व्हावा? त्याला पर्यायी जागा, किल्ल्यावर एखादे काम, तिकिटाच्या उत्पन्नात गावाचा वाटा, यांपैकी काहीतरी मिळेपर्यंत तो तटाचा एखादा दगड ओट्याला लावणारच.

नळदुर्गचा किल्ला राज्य सरकारच्या वैभव योजनेत एका खासगी कंपनीकडे संगोपनासाठी दिला गेला, तेव्हा मी नाक मुरडले होते. किल्ल्याचे उपाहारगृह होणार, असे मित्रांना बजावलेही. पावसाळ्यात नर-मादी धबधब्यापाशी सहकुटुंब आलेली गर्दी पाहिल्यावर माझे मत पूर्ण बदलले नाही, पण सौम्य झाले. निदान लोक आत तरी आले. देगलूरजवळच्या होट्टलची गोष्ट मला जास्त आवडते. चालुक्यकाळातले सिद्धेश्वराचे मंदिर आणि इतर पडझड झालेली मंदिरे. पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्ती केली आणि नंतर जिल्हा प्रशासनाने होट्टल महोत्सव सुरू केला. असे देऊळ पुन्हा उभे करताना प्रत्येक दगडावर क्रमांक टाकतात, चित्र काढतात, मग दगड उतरवून त्याच जागी बसवतात. सिमेंटचा गिलावा देऊन वर ऑइल पेंट फासणारे आमचे गावोगावचे जीर्णोद्धारवाले हे काम एकदा पाहून येतील तर बरे.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या कित्येक बारवा कचऱ्याने भरलेल्या होत्या. गेल्या काही वर्षांत तरुणांनी त्या उपसायला सुरुवात केली आहे. महाशिवरात्रीला पायऱ्यांवर पणत्या लावतात. जुन्या बांधकामाची किंमत शून्य नाही, हे सांगायला यापेक्षा सोपा मार्ग मला दिसत नाही. गाळ काढला की खाली पाणी असते.

ज्यांना सहकुटुंब जायचे आहे त्यांच्यासाठी सांगतो. लातूरला मुक्काम करा. सकाळी लवकर गंजगोलाई, मग औसा. औशाहून निलंग्याच्या वाटेवर खरोसा. जांभ्या दगडाच्या टेकडीत सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली लेणी आहेत. दगड ठिसूळ, मूर्ती झिजलेल्या, म्हणून मुलांना हात लावू देऊ नका. पुढे निलंग्याचे तीन गाभाऱ्यांचे नीळकंठेश्वर. दुसरा दिवस पूर्ण उदगीरला द्या. लातूरहून पासष्टेक किलोमीटर. नांदेडच्या बाजूला एक दिवस सचखंड आणि नंदगिरी, एक दिवस कंधार, वाटल्यास होट्टल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, उन्हाळ्यात तट तापतात. बुरुजांना कठडे नाहीत, लहान मुलांचा हात धरा. पाणी आणि डबा बरोबर घ्या, आत काही मिळत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी असाच जाऊन आलो. परतताना त्या तालुक्याच्या गावी थांबलो. वाड्याच्या जागी तीन मजली व्यापारी संकुल आहे, खाली मोबाइलची दुकाने. पुढचा दगडी ओटा तेवढा त्यांनी ठेवला आहे. पायऱ्यांसारखा वापर होतो. मालकांचे नातू दुकानात बसतात. मी ओळख सांगितली. त्यांनी चहा मागवला आणि ओट्यावर खुर्ची टाकून दिली. त्यांना इमारतीवर एक मजला वाढवायचा आहे, बँकेचे मूल्यांकन कसे करतात ते विचारत होते.